आप्पांच्या हृदयाच्या गोळ्या आणि शनिवारची क्वार्टर: दोन तासांचं अंतर पुरतं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातले ५८ वर्षांचे आप्पा, दोन वर्षांपूर्वी हृदयात स्टेंट बसवलेला. सकाळी टेल्मिसार्टन ४० (बीपीची) आणि मेटोप्रोलॉल ५० (नाडी संथ ठेवणारी). रात्री जेवणानंतर अम्लोडिपिन ५ (हीही बीपीची), ॲस्पिरिन ७५ (रक्त पातळ करणारी) आणि ॲटॉरव्हास्टॅटिन ४० (कोलेस्टेरॉलची). छातीत दुखलंच तर जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट खिशात. शनिवारी-रविवारी एकेक क्वार्टर होते, लक्ष्मी यात्रेत आणि लग्नसराईत त्याहून जास्त. श्रावणात मात्र थेंब घेत नाहीत. मुलाने तीन गोष्टी विचारल्या आहेत. गोळी आणि दारू यांच्यात दोन-तीन तासांचं अंतर ठेवलं तर चालतं का? प्यायच्या दिवशी आप्पा रात्रीच्या गोळ्या मुद्दाम चुकवतात, ते बरोबर का? आणि दारू सोडवायची पावडर त्यांना न सांगता चहातून दिली तर?

तिन्हींचं उत्तर नाही असंच आहे. तिसऱ्याचं तर अजिबात नाही. मात्र यातली सगळ्यात घातक चूक बहुतेकांना वाटते ती नव्हे. गोळी आणि पेग एका रात्री पोटात गेले याची लोकांना भीती वाटते. प्रत्यक्षात जास्त माणसं अडचणीत येतात ती पिण्यासाठी गोळी सोडल्यामुळे, आणि रोजची दारू एकाएकी बंद केल्यामुळे.

आधी अंतराचं बघू. दोन तासांचा हा नियम बहुधा लोहाच्या किंवा कॅल्शियमच्या गोळ्यांवरून उचललेला असतो. तिथे दोन पदार्थ पोटात एकत्र येऊ नयेत एवढाच हेतू असतो. बीपीच्या गोळीची आणि दारूची गाठ पोटात पडत नाही. रक्तवाहिन्यांत, यकृतात आणि मेंदूत पडते. अम्लोडिपिनचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायलाच ३० ते ५० तास लागतात. टेल्मिसार्टनला साधारण २४. ॲस्पिरिन स्वतः काही तासांत निघून जाते, पण तिने निकामी केलेल्या प्लेटलेट (रक्ताची गाठ धरणाऱ्या पेशी) ७ ते १० दिवस, म्हणजे त्यांचं आयुष्य संपेपर्यंत तशाच राहतात. रोज गोळी घेणाऱ्याच्या अंगात औषध चोवीस तास असतंच. सकाळी आठला घेतली काय आणि रात्री नऊला घेतली काय, पाहुणा येतो तेव्हा घरधनी घरातच असतो.

दुसरी बाजू दारूची. 'थोडीशी' म्हणजे किती हे कुणी मोजत नाही, म्हणून इथे मोजू. आपल्याकडच्या व्हिस्की-रमच्या बाटलीवर ४२.८ टक्के छापलेलं असतं. त्या हिशेबाने ३० मिलीत सुमारे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल, ६० मिलीच्या मोठ्या पेगात २०, नव्वदीच्या टेट्रा पाकिटात ३० आणि १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये ६० च्या किंचित वर. 'मी फक्त बिअर घेतो' म्हणणाऱ्यांसाठी: ६५० मिलीची ८ टक्क्यांची स्ट्राँग बाटली म्हणजे ४१ ग्रॅम, अर्थात दोन मोठे पेग. ५ टक्क्यांची असली तरी २५ च्या वर. चोर्ला घाटातून येणारी फेणी व्हिस्कीच्याच तोडीची. उर्राक ही गोव्याकडची काजूची दारू हलकी म्हणून पेल्यामागून पेला जातो आणि बेरीज तिथेच येऊन ठेपते. हातभट्टीचं गणित मांडता येत नाही. तिच्यात किती टक्के ते कुणालाच ठाऊक नसतं, आणि मिथेनॉल असेल तर मामला बीपीचा उरत नाही, डोळ्यांचा आणि जिवाचा होतो.

यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल जाळतं. लिंबू, ताक, काळी कॉफी, थंड पाण्याची अंघोळ यांनी हा वेग वाढत नाही. क्वार्टर रात्री ११ ला संपली तर शेवटचा अंश पहाटेपर्यंत, कधी सकाळी सहा-सातपर्यंतही अंगात असतो. म्हणजे 'गोळी सकाळी, दारू रात्री, मग संबंध कुठे आला' या म्हणण्यात काही अर्थ नाही.

आता तीच रात्र जवळून बघा. आप्पा आठला बसले. दारूने रक्तवाहिन्या सैलावतात, चेहरा लाल होतो, अंग गरम लागतं. अम्लोडिपिनही वाहिन्या सैलच करतं, टेल्मिसार्टनही. तिघे मिळून दाब खाली आणतात. असं झालं की नाडी वाढवून हृदय तो सावरायला बघतं, पण मेटोप्रोलॉलने नाडीला लगाम घातलेला असतो. बसलेल्या माणसाला यातलं काहीच जाणवत नाही. दारू मेंदूतला लघवी रोखणारा संप्रेरकही दाबते, त्यामुळे जेवढं पोटात गेलं त्याहून जास्त बाहेर पडतं. रात्री दीडला लघवी लागते. बिछान्यातून झटकन उठणं, अंधार, थंड फरशी, उभ्याने लघवी. मूत्राशय रिकामं होताना दाब आणखी घसरतो, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि डोकं मोरीच्या कठड्यावर आपटतं. ॲस्पिरिन चालू आहे, त्यामुळे आतलं रक्त लवकर थांबत नाही. घरच्यांना वाटतं, जास्त झाली, झोपू दे. सकाळी माणूस उठवून उठत नाही.

यात कुठलीही दुर्मिळ गोष्ट नाही. म्हणून प्यायलेल्या हृदयरुग्णासाठी घरात दोन साध्या सोयी करा: मोरीपर्यंत रात्रभर दिवा चालू आणि बसून लघवी. उठताना आधी बिछान्याच्या कडेला मिनिटभर पाय सोडून बसायचं, मग भिंतीला धरून उभं राहायचं. आणि डोक्याला मार लागला असेल, तर 'झिंगलाय' हे निदान घरच्यांनी करू नये. रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेला माणूस पडला, डोकं दुखतंय, उलटी होतेय किंवा नेहमीपेक्षा जास्त गुंगीत आहे, तर त्याच रात्री सीटी स्कॅनची सोय असलेल्या दवाखान्यात न्यायचं.

रात्रीचा दाब कमी असतो, हे ऐकून काहींना ती दारूची कृपा वाटते. पण ३० ग्रॅमच्या वर दारू झाली की दाब साधारण १२ तास खाली राहतो आणि त्यानंतर चढतो. शनिवारी रात्री आठ ते अकरा प्यायलेल्याचा दाब रविवारी सकाळी कमी किंवा बरा लागतो आणि दुपारनंतर वर जातो. नाडी मात्र सगळा वेळ वाढलेली असते. याच काळात काहींच्या छातीत धडधड सुरू होते, ठोके वेडेवाकडे पडतात. या प्रकाराला डॉक्टर मंडळींत 'हॉलिडे हार्ट' म्हणतात, कारण तो सुट्टीच्या आणि सणाच्या दुसऱ्या दिवशी दिसतो. धडधड काही मिनिटांत थांबली नाही तर ईसीजी काढायचा, आणि तो धडधड चालू असतानाच काढायचा. नंतर गेलात तर कागदावर काहीच सापडत नाही.

आता गोळी चुकवण्याबद्दल. शनिवार आणि रविवार, दोन रात्री. श्रावण सोडला तरी वर्षाला ९५ च्या आसपास रात्री झाल्या. अम्लोडिपिन एखाद्या दिवसाचा खाडा सोसतं, ते अंगात रेंगाळतं. पण ॲस्पिरिन चुकली की दररोज सुमारे दहावा हिस्सा नव्या प्लेटलेट तयार होतात, त्या मोकळ्या राहतात, आणि स्टेंटमध्ये गाठ धरायला त्याच पुरेशा असतात. मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल यांचं गणित आणखी कडक. ही औषधं एकाएकी थांबवली की दाबून ठेवलेली नाडी उसळते, अंजायना (हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखणं) पुन्हा सुरू होऊ शकतो, झटकाही येऊ शकतो. क्लोनिडिन ही बीपीची गोळी घेणाऱ्याने एक-दोन डोस चुकवले तर दाब पूर्वीपेक्षाही वर फेकला जातो. त्यात दारू असली की वरच्या दुपारच्या चढाला हे इंधन मिळतं. म्हणून नियम साधा ठेवा: गोळी आपल्या वेळेला ठरलेली, ती हलवायची नाही. हलवायचीच असेल तर दारू हलवा.

अपवाद थोडे आणि तेही डॉक्टरांशी आधी बोलून ठरवायचे. रात्री प्राझोसिन ही बीपीची गोळी घेणारा, किंवा लघवीची गोळी घेणारा माणूस चार पेग घेऊन आला, वरचा आकडा १०० च्या खाली आहे आणि उभं राहिलं की गरगरतं, तर त्या रात्रीपुरती प्राझोसिन किंवा लघवीची गोळी थांबवावी असं बहुतेक डॉक्टर सांगतील. रक्त पातळ करणारी गोळी आणि नाडीची गोळी मात्र मनाने थांबवायची नाही. गोळी घेतल्यावर अर्ध्या तासात उलटी झाली आणि उलटीत गोळी दिसली तर एकदा पुन्हा घ्या. दिसली नाही किंवा वेळ निघून गेली तर पुढच्या वेळी दुप्पट घेऊ नका. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांच्या बाबतीत तर मुळीच नको, डॉक्टरांना फोन करा.

सगळ्या गोळ्या दारूशी सारख्याच वागत नाहीत. जनऔषधीच्या किंवा वेगळ्या कंपनीच्या पाकिटावर नाव बदलतं, त्यामुळे ब्रँड न बघता बारीक अक्षरातलं औषधाचं मूळ नाव वाचायची सवय लावा. सर्वांत जास्त काळजी तीन गटांची घ्यायची.

पहिला गट नायट्रेटचा: सॉर्बिट्रेट, मोनोनायट्रेट, आणि त्याच कामाची निकोरॅन्डिल. या गोळ्यांनी वाहिन्या झपाट्याने सैल होतात. दोन-तीन पेगनंतर छातीत दुखायला लागलं आणि आप्पांनी उभ्या उभ्या सॉर्बिट्रेट जिभेखाली टाकली, तर ते जागीच कोसळू शकतात. पद्धत अशी: आधी बसा, पाठीला आधार घ्या. जवळ मशीन असेल तर दाब बघा; वरचा आकडा ९० च्या खाली असेल किंवा घाम फुटून गरगरत असेल तर गोळी ठेवू नका, आडवं होऊन पाय उंच करा. यातलं काही नसेल तर ५ मिलिग्रॅमची एकच गोळी जिभेखाली, चावायची-गिळायची नाही. पाच मिनिटांत दुखणं गेलं नाही तर दुसऱ्या गोळीची वाट न बघता १०८ ला फोन. लैंगिक ताकदीच्या गोळ्या, म्हणजे सिल्डेनाफिल आणि टाडालाफिल, पार्टीच्या रात्री मित्रांकडून फुकट मिळतात. सिल्डेनाफिलनंतर २४ तास आणि टाडालाफिलनंतर ४८ तास नायट्रेट जिवावर बेततं. तसं काही घेतलं असेल तर डॉक्टरला सांगताना लाजू नका. दवाखान्यातही सुरुवातीला नायट्रेट दिलं जाऊ शकतं.

दुसरा गट रक्त पातळ करणाऱ्यांचा. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल जठराच्या अस्तराचं संरक्षण कमी करतात, दारू तेच अस्तर सोलते. पॅन्टोप्रॅझॉल (ॲसिडिटीची गोळी) घेतलं म्हणजे पिणं निर्धोक झालं असं नाही. त्याने धोका घटतो, संपत नाही. शी डांबरासारखी काळी, चिकट, दुर्गंधीची झाली, तर लोहाची गोळी चालू आहे का हे पाहा. नसेल तर ते आतलं रक्त आहे. त्या दिवशी दवाखाना, दुसऱ्या दिवशी नव्हे. कृत्रिम झडप बसवलेल्यांच्या वॉरफेरिन आणि ॲसिनोकोमॅरॉलचं तर आणखी चमत्कारिक. एकदाच खूप प्यायलं तर यकृत गोळी जाळायचं काम मागे टाकतं, रक्त जास्त पातळ होतं, आयएनआर (रक्त किती पातळ आहे हे सांगणारा तपासणीचा आकडा) चढतो. रोज भरपूर पिणाऱ्याचं यकृत उलट गोळी झरझर जाळायला शिकतं, आयएनआर पडतो आणि झडपेवर गाठ धरते. पुढे यकृत बिघडलं की पुन्हा चढतो. अशा माणसाचा डोस बसवणं म्हणजे वाऱ्यावर ताजवा धरणं. झडप असलेल्यांना मी एक पेगही सुचवत नाही, आणि यात सवलत मागू नये.

तिसरा गट लघवीच्या गोळ्यांचा आणि त्यांच्यासोबत टेल्मिसार्टन-लोसार्टनसारख्यांचा. इथे खरा घोळ दुसऱ्या दिवशी होतो. रात्री पाणी गेलेलं, सकाळी उलट्या, डोकं ठणकतं. घरातली डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन तोंडात टाकली जाते. सार्टन, लघवीची गोळी आणि ही वेदनाशामक, तिघांनी मिळून कोरड्या पडलेल्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा एकदम घटतो आणि एका रविवारात क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या तपासणीचा आकडा) वर जातं. ॲस्पिरिनवरच्या माणसाला पोटातून रक्त जाण्याची आणखी एक वाट त्यातून मोकळी होते. पॅरासिटॅमॉल त्यातल्या त्यात बरी, पण रोज पिणाऱ्याने चोवीस तासांत ५०० मिलिग्रॅमच्या चार गोळ्यांच्या वर जाऊ नये आणि यकृत बिघडलेलं असेल तर विचारल्याशिवाय घेऊच नये. दारू उतरवायला शहाळं देण्याची पद्धत आहे. टेल्मिसार्टनसोबत स्पायरोनोलॅक्टोन चालू असेल किंवा मूत्रपिंड कमजोर असेल तर शहाळ्यातलं पोटॅशियम महागात पडतं. साधं पाणी आणि पातळ पेज पुरते. सकाळी आणखी एक पेग मारून उतारा काढणं हा उपाय नाही, ते व्यसनाचं लक्षण आहे. त्यावर पुढे येतो.

बाकीचे झटपट. वेरापामिल दारूचा निचरा मंदावतं, तीच दारू जास्त वेळ आणि जास्त चढते. डिगॉक्सिनवाल्याला उलट्या आणि लघवीची गोळी यांनी पोटॅशियम-मॅग्नेशियम घटलं की तोच जुना डोस विषारी ठरतो. ॲमियोडॅरोन यकृतावर आधीच ओझं असतं. ॲटॉरव्हास्टॅटिन अधूनमधून घेणाऱ्याला सहसा त्रास देत नाही, पण रोज पिणाऱ्याचं यकृत आणि स्नायू तपासावे लागतात. स्नायू दुखून लघवी चहाच्या रंगाची झाली तर गोळी थांबवून दाखवा. हल्ली हृदय कमजोर झालेल्यांना साखर नसतानाही डॅपाग्लिफ्लोझिन १० देतात. ती घेऊन न जेवता पिणाऱ्याच्या रक्तात आम्ल साचू शकतं, आणि साखरेचा आकडा जवळपास नेहमीसारखाच दिसतो. सततची मळमळ, पोटदुखी आणि धाप हीच खूण. मधुमेहाची ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन घेऊन रिकाम्या पोटी पिणाऱ्याची साखर मध्यरात्री पडते. मेटोप्रोलॉल असल्यामुळे थरथर आणि धडधड लपते, घाम मात्र लपत नाही. घामाने भिजलेला, असंबद्ध बोलणारा माणूस झिंगलेला समजू नका, आधी साखर बघा.

पोटाचा आणि छातीचा गोंधळ हा आपल्या भागातला नेहमीचा. यात्रेतलं मटण, तिखट रस्सा, वर दारू. मग छातीत जळजळलं की 'पित्त झालं' म्हणून सोडा किंवा इनो. स्टेंटवाल्याने हा अंदाज करायचाच नाही. दुखणं हाताकडे, जबड्याकडे जातंय, घाम आहे, दहा-पंधरा मिनिटांत हटत नाही, तर १०८ बोलवा. रक्ताची उलटी किंवा काळी शी नसेल आणि ॲस्पिरिनची ॲलर्जी नसेल तर ॲस्पिरिन ७५ च्या चार गोळ्या चावून खायला द्या. निपाणीकडच्या मंडळींना वेगळं सांगायला नको, पण बैठकीत बिडी आणि तंबाखू नेहमीच्या दुप्पट होते, आणि तंबाखूने वाहिन्या आवळतात. दारूने सैल, तंबाखूने आवळ, हृदयाला मधल्या मध्ये कुठे जावं कळत नाही. चकण्यातलं मीठही मोजा: खारे शेंगदाणे, फरसाण, लोणचं, सुका मासा. रविवारच्या चढलेल्या दाबात त्याचाही वाटा असतो.

आता चहातल्या पावडरीकडे. डायसल्फिरम ही त्यातली खरी गोळी. ती दारूच्या पचनातला एक टप्पा अडवते, त्यामुळे ॲसिटाल्डिहाइड रक्तात साठतं. एक पेग घेतल्यावर दहा मिनिटं ते अर्ध्या तासात चेहरा तापतो, डोकं ठणकतं, उलट्या, धाप, नाडी वेगात आणि दाब पडतो. धडधाकट तरुणाला हे भयंकर वाटतं, स्टेंटवाल्याला झटका येऊ शकतो. मेटोप्रोलॉलमुळे नाडी वाढून दाब सावरायची वाट आधीच अडलेली आहे. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत हा परिणाम राहू शकतो, म्हणजे आप्पांना कल्पना नसताना आठवड्याभराने घेतलेला पेगही धोक्याचा. वॉरफेरिनचा परिणामही ही वाढवते. गंभीर हृदयविकारात डायसल्फिरम देऊ नये हा नियम आहे, आणि ज्याला देतात त्याला संपूर्ण कल्पना देऊन, लेखी संमतीने देतात. गावोगाव विकल्या जाणाऱ्या पाकिटांवर घटक लिहिलेले नसतील तर आत काय आहे हे देणाऱ्यालाही ठाऊक नसतं. आप्पांना पुढे कळेल तो विश्वासघात वेगळाच.

कायदेशीर, उघड पर्याय आहेत. ॲकॅम्प्रोसेट हे मूत्रपिंड बघून, नाल्ट्रेक्सोन हे यकृत बघून देतात. दोन्ही हृदयाच्या औषधांसोबत सहसा चालतात. धारवाडला डिम्हान्स ही मानसोपचाराची सरकारी संस्था आहे, व्यसनाचा उपचार तिथे होतो. फोनवर आधी बोलायचं असेल तर मानसिक आरोग्यासाठीच्या टेली मानसचा १४४१६ आणि व्यसनमुक्तीचा १४४४६ हे मोफत क्रमांक आहेत.

श्रावणाबद्दल मुद्दाम लिहितो, कारण प्रश्नकर्त्याने ते चांगली बाब म्हणून सांगितलं आहे. शनिवार-रविवारवाल्याला श्रावण सोपा जातो. रोज घेणाऱ्याला, आणि सकाळी हात थरथरून पेग लागणाऱ्याला, गटारी अमावस्येला भरपूर पिऊन दुसऱ्या दिवशी एकदम बंद करणं धोक्याचं असतं. शेवटच्या पेगनंतर ६ ते १२ तासांत थरथर, घाम, दाब आणि नाडी वर. १२ ते ४८ तासांत फीट. दोन ते चार दिवसांत भ्रम, भिंतीवर किडे दिसणं, ओळख न पटणं. मेटोप्रोलॉल घेणाऱ्याची थरथर आणि नाडी झाकली जाते, पण फीट झाकली जात नाही. म्हणजे धोक्याची घंटा मुकी, आग तीच. रोजच्या माणसाने श्रावणाच्या दहा-पंधरा दिवस आधी डॉक्टरला भेटायचं. ते काही दिवसांसाठी क्लोरडायझेपॉक्साइड किंवा लोराझेपाम कमी कमी करत देतात आणि सोबत थायमिन (बी-१ जीवनसत्त्व). ही झोपेची औषधं दारूसोबत कधीच घ्यायची नाहीत, दोन्ही मिळून श्वास थांबवतात. पूर्वी फीट आली असेल तर घरी नको, भरती व्हावं.

बंद केल्यावर दोन ते चार आठवड्यांत दाब उतरायला लागतो. रोज सहा किंवा जास्त छोटे पेग, म्हणजे ६० ग्रॅमच्या वर घेणाऱ्याने ते निम्मे केले तरी वरचा आकडा पाचेकने खाली येतो. तीन-तीन गोळ्या देऊनही दाब बसत नाही अशा माणसाची बाटली आधी मोजावी, चौथी गोळी मग. उलट श्रावणात दाब उतरल्यावर तीच जुनी मात्रा जास्त होते आणि चक्कर येते. गणपती झाल्यावर दारू परत येते, दाबही परत येतो. म्हणून श्रावणाच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात आणि गणपतीनंतर महिन्याने, अशा दोनदा मोजणी ठेवा. मोजायचं असं: अर्धा तास चहा-तंबाखू नाही, पाच मिनिटं पाठ टेकून, दंड हृदयाच्या पातळीवर. दोन वेळा, मिनिटाच्या अंतराने. मग उभं करून पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला. उभं राहिल्यावर वरचा २० किंवा खालचा १० ने पडला तर तो कागद डॉक्टरला दाखवा. घरची सात दिवसांची सरासरी १३५/८५ च्या वर असेल तर उपचार अपुरा आहे.

'थोडी घेतलेली हृदयाला बरी' हे मत जुन्या निरीक्षणांवरचं आहे. त्या अभ्यासांत न पिणाऱ्यांच्या गटात आजारपणामुळे सोडलेलेही मोजले गेले होते, त्यामुळे पिणारे निरोगी दिसले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या जानेवारीत स्पष्ट सांगितलं की सुरक्षित मात्रा अशी नाही. आप्पांच्या बाबतीत माझा सल्ला: दारू पूर्ण बंद, आणि शनिवार-रविवारचीच सवय असेल तर बंद करायला औषध लागणार नाही. ठोक्यांचा अनियमितपणा, हृदयाची पंपिंग कमी, झडप, पोटातून रक्त गेल्याचा इतिहास, यकृत खराब, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) ५०० च्या वर यांपैकी काही असतं तर यावर चर्चाही केली नसती.

एक छोटा पण नेहमीचा उपप्रश्न: अर्जुनारिष्ट, द्राक्षासव चालतात का? आसव-अरिष्टांत आंबवल्याने तयार झालेलं अल्कोहोल असतं, साधारण ५ ते १० टक्के. २० मिलीत एक-दोन मिली, ते बीपीच्या गोळ्यांना अडत नाही. दारू सोडलेल्याला त्याची चव तलब जागवू शकते, आणि डायसल्फिरम चालू असेल तर तेवढंही वर्ज्य.

शेवटचं, रात्री दवाखान्यात न्यायची वेळ आली तर. गोळ्यांच्या सगळ्या पट्ट्या, अर्ध्या संपलेल्या सुद्धा, पिशवीत घालून न्या. लिहिलेली यादी हरवते. १०८ ला गाव आणि तालुका दोन्ही सांगा. सीमाभागात एकाच नावाची दोन गावं असतात. आत गेल्यावर कर्मचारी कन्नडमध्ये बोलले तर 'कुडिदिद्दारे' एवढं सांगा, म्हणजे प्यायले आहेत; त्यानंतर शेवटचा पेग किती वाजता, किती, आणि रक्त पातळ करायची गोळी शेवटची कधी घेतली हे तीन आकडे. लाजेखातर यातला पहिला दडवला, तर डॉक्टर नायट्रेट, झोपेचं इंजेक्शन आणि रक्त पातळ करणारं हेपॅरिन यांचा डोस चुकीच्या माहितीवर ठरवतील.